नवेगावच्या बोडीत गुलाबी पट्टी

गोंदिया

गोंदियाला जाते आहे म्हटल्यावर पुण्यातल्या लोकांनी मला दोनच प्रश्न विचारले. नागझिऱ्याचा वाघ बघणार का, आणि वाघ बघायचा नसेल तर तिथे तुझं काय काम? वाघ मी पाहिला नाही. काम मात्र होतं, आणि ते नखाएवढं होतं.

त्या नखाएवढ्या वस्तूबद्दल आधी सांगायला हवं, कारण हा सगळा प्रवास तिच्यासाठीच होता. ती एक गुलाबी पट्टी आहे. काचेसारख्या पातळ थरात एक रंगद्रव्य कोंडलेलं असतं. त्यावर निळा उजेड पाडला की ते लाल चमकतं, आणि उजेड बंद केला की ती लाली विझते. पाण्यात विरघळलेला प्राणवायू भरपूर असेल तर लवकर विझते, कमी असेल तर जराशी रेंगाळते. हे ‘जराशी’ आपल्या डोळ्यांना कळणार नाही, पण एक छोटा इलेक्ट्रॉनिक डोळा ते मोजतो आणि पाण्यात प्राणवायू किती ते सांगतो. अशा पट्ट्या बनवण्यात माझी वीस वर्षं गेली. या वीस वर्षांत माझ्या पट्ट्यांनी बीकरमधलं गाळलेलं पाणी सोडून दुसरं पाणी पाहिलं नव्हतं. मीही त्यांच्यासाठी कुठल्या तळ्याकाठी गेले नव्हते.

गेले ते बिसेन सरांमुळे. हेमराज बिसेन गोंदियाच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतात. काही वर्षांपूर्वी त्यांनी मला कळवलं होतं की त्यांच्या गावात राईस मिलच्या तुसाचे डोंगर आहेत, त्या तुसाच्या राखेत भरपूर सिलिका असते, तर तुमच्या पट्टीतली काच या सिलिकेची करता येईल का? मी गंमत म्हणून हो म्हटलं. मग पार्सलं सुरू झाली. ते राखेतून काढलेली पांढरी भुकटी पाठवत, मी तिच्यापासून पट्ट्या करून परत पाठवी. एवढा व्यवहार, इतके फोन होऊनही आम्ही भेटलो नव्हतो. स्टेशनबाहेर माझ्या हातातली बॅग घेणारा हा चाळिशीचा, शर्टाच्या खिशात तीन पेनं लावलेला माणूस ‘मॅडम, आधी नाश्ता’ म्हणाला तेव्हा आवाजावरून ओळख पटली.

गोंदिया शहरात माझं मराठी मला दिवसभर विनाकारण अवघडल्यासारखं झालं. रिक्षावाला हिंदीत, दुकानदार हिंदीत, आणि बिसेन सर एकाच वाक्यात दोन्हीकडून फिरून येत. बायकोचा फोन आला की ते पोवारी बोलत, त्यातलं मला अर्धंच कळे. माळव्यातून आलेल्या त्यांच्या पूर्वजांनी ती भाषा बरोबर आणली, असं त्यांनी सांगितलं. नाश्त्याला आलुबोंडा होता, वरून लालभडक तर्री ओतलेला. मी तर्री वेगळी मागितली तर दुकानदाराने आजारी माणसाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं.

तिथून आम्ही मिलवर गेलो. तुसाचे डोंगर ही अतिशयोक्ती नव्हती. आवारात दोन मजली ढीग होता, आणि तोच तूस जाळून मिलचा बॉयलर चालत होता. बॉयलरवरच्या माणसाने मला वाकून राख चिमटीत धरताना पाहिलं आणि ‘राख कायले पायजे?’ असं विचारलं. मी म्हटलं, आम्ही यातून काच करतो. त्याने राखेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा फावडं उचललं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत हीच काळी राख आम्लाने धुऊन, भट्टीत तापवून पिठासारखी पांढरी होताना मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. पुण्यात मला ती डबीतून मिळायची, तेव्हा तिच्यामागे फावडं आहे हे कधी डोक्यात आलं नव्हतं.

नवेगाव बांध

दुसऱ्या दिवशी आम्ही नवेगाव बांधला गेलो. दोन तासांचा रस्ता, दोन्ही बाजूंना लोंबीवर आलेलं धान, आणि मग एकदम जंगल. तलाव एका नजरेत मावत नाही. टेकड्यांच्या मधल्या जागा कोहळी लोकांनी कैक पिढ्यांपूर्वी मातीच्या पाळीने, म्हणजे बांधाने, अडवल्या आणि हे पाणी उभं राहिलं. आमच्याकडे धरण म्हटलं की काँक्रीटची भिंत आणि तिच्यावर फोटो काढणारी गर्दी. इथे पाळीवर गवत वाढलं होतं आणि एक बाई म्हैस धूत होती.

आमच्या प्रयोगात अडचण एकच होती, पण मोठी. कुठलीही वस्तू तळ्याच्या पाण्यात ठेवली की दोन-तीन दिवसांत तिच्यावर बुळबुळीत शेवाळ चढतं. पट्टीवर ते चढलं की रात्री शेवाळच प्राणवायू खातं आणि पट्टी खोटं बोलायला लागते. पाण्यात प्राणवायू असतानाही ‘नाही’ सांगते. म्हणून मी शेवाळ धरू न देणारा एक पारदर्शक लेप तयार केला होता. हा लेप खऱ्या पाण्यात टिकतो का, हे बघायला मी आले होते.

ज्यांच्या पाण्यात आम्ही हे करणार होतो त्या शेवंताबाई मेश्राम पाळीवर वाट बघत उभ्या होत्या. पन्नाशीच्या, सडसडीत, बोलण्याआधी समोरच्याला पुरतं न्याहाळणाऱ्या. मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या बारा बायकांचा त्यांचा गट आहे. गावामागे त्यांची एक बोडी आहे. बोडी म्हणजे शेतांच्या मधलं छोटं तळं. तिच्यात त्या रोहू-कतल्याची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, वाढवतात आणि मोठी झाली की तलावात सोडतात. मी पट्टीचं सगळं शास्त्र समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मासोरी हे खाऊन टाकन का? वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. बिसेन सरांनी बाजारातून चहाच्या गाळण्या आणल्या आणि प्रत्येक पट्टीभोवती एक जाळी बसवली.

तलावात दोन पट्ट्या लावायच्या होत्या, एक लेपाची आणि एक साधी. त्यासाठी डोंग्यातून जावं लागलं. डोंगा म्हणजे एका झाडाच्या खोडातून कोरलेली अरुंद होडी. शेवंताबाई तिच्यात स्वयंपाकघरात बसावं तशा बसल्या. मी बांबूला पट्टी बांधायला एका बाजूला वाकले आणि पुढच्याच क्षणी गळ्यापर्यंत पाण्यात होते. पाणी तिथे छातीएवढंच होतं, म्हणून हसण्यावारी गेलं. पट्टी मी हातातून सोडली नाही, याचं मला कौतुक वाटलं. शेवंताबाईंना माझी चप्पल गेली याचंच वाईट वाटत होतं.

तिसरी पट्टी, लेपाची, बोडीत लावली. काठावर बांबू रोवून त्यावर सौर पॅनेल आणि सिमकार्डाची डबी बसवली. प्राणवायू धोक्याच्या खाली गेला की शेवंताबाईंच्या फोनवर संदेश जाईल अशी सोय बिसेन सरांनी केली होती. बोडीचं पाणी वाटाण्याच्या सालीसारखं हिरवं होतं. आजूबाजूच्या धानाला घातलेलं खत पावसाने वाहून इथे येतं, त्याने शेवाळ माजतं. हे मी वहीत लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेले.

पुढचे दोन दिवस माझ्या आयुष्यातल्या चांगल्या दिवसांपैकी होते. सकाळी डोंग्यातून जाऊन आकडे घ्यायचे, आणि मग बघत हिंडायचं. तलावाच्या उथळ भागात शिंगाड्याची वेल पसरली होती. बायका पाण्यात बसून पानं उलटत आणि खालून हिरवी शिंगं तोडत. शिंगाडा मी उपासाच्या पिठाच्या रूपातच ओळखत होते. इथे तो उकडलेला, गरम, मिठाबरोबर, दाताने सोलून खाल्ला. शेवंताबाईंच्या घरी जेवणात भात, अंबाडीच्या भाजीत शिजवलेले सुके झिंगे, आणि पुन्हा भात. पोळीचा विषय निघाला तेव्हा त्यांनी पुण्यात लोक आजारी नसताना रोज पोळी कशी खातात असं विचारलं. घरात बुद्धांची तसबीर होती. त्यांची सून बौद्ध घरातली होती, तिने ती माहेरून आणली होती आणि शेवंताबाईंनी आपल्या देवांच्या शेजारी तिला जागा करून दिली होती. यावर घरात काही बोललं गेलं होतं का, हे विचारायचा मोह मी आवरला.

चौथ्या दिवशी तलावातली साधी पट्टी वर काढली. तिच्यावर सायीसारखा थर होता आणि पहाटेचे तिचे आकडे पार खाली गेले होते. शेजारची लेपाची पट्टी स्वच्छ आणि तिचे आकडे चोख. मी डोंग्यात उभं राहायच्या बेतात होते. शेवंताबाईंनी मला हाताला धरून खाली बसवलं. पट्टीचा आकडा पडला म्हणजे शेवाळ चढलं, हे समीकरण त्या दिवशी माझ्या मनात पक्कं बसलं.

त्या दुपारपासून आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही. तलावाचं पाणी तेलासारखं स्थिर झालं.

बोडी

पाचव्या दिवशी पहाटे शेवंताबाईंच्या फोनवर संदेश आला: बोडीत प्राणवायू कमी. त्या बोडीवर जाऊन आल्या आणि मग आमच्या विश्रामगृहाच्या पायरीवर येऊन बसल्या. मासे वर आलेले नव्हते, एवढं त्यांनी सांगितलं. मी बिसेन सरांबरोबर गेले, पट्टी वर काढली. लेपाला एका कोपऱ्यात मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसत होता. तलावात टिकलेला लेप इथे तीनच दिवसांत हरला होता, निदान मला तसं वाटलं. पट्टी पुसली, परत लावली. दुपारी आकडा वर आला. झालं, म्हटलं, शेवाळच होतं.

बिसेन सरांनी एकदा विचारलं की गाडीत बाटलीच्या चाचणीची पेटी आहे, एकदा पडताळून घ्यायचं का? पाण्यातला प्राणवायू तपासायची ती जुनी, रसायनांची पद्धत. तिच्यात पट्टी नाही, लेप नाही, खोटं बोलायला काही नाही. मी म्हटलं, गरज नाही. मला त्या वेळी लेपाच्या रसायनाचा विचार करायचा होता. आणि शेवंताबाईंना उगाच पहाटे उठावं लागू नये म्हणून मीच त्यांना सांगितलं की पट्टी बिघडली आहे, आम्ही दुरुस्त करेपर्यंत संदेश बंद ठेवतो. बिसेन सरांनी संदेश बंद केला. शेवंताबाई ‘बरं’ म्हणाल्या.

सहाव्या दिवशी उजाडता उजाडता बिसेन सरांनी माझं दार वाजवलं. शेवंताबाईंचा फोन आला होता. आम्ही पोचलो तेव्हा बोडीभोवती बायका जमत होत्या. पाण्याकडे पाहिलं तर आधी वाटलं, बारीक पाऊस पडतो आहे. साऱ्या पृष्ठभागावर ठिपके उठत होते. पाऊस नव्हता. ती हजारो इवली तोंडं होती, पाण्याबाहेर येऊन उघडमिट करणारी. काही पिल्लं कडेला आडवी पडली होती, त्यांची पांढरी पोटं दिसत होती.

शेवंताबाई कमरेएवढ्या पाण्यात शिरल्या होत्या आणि पळसाच्या फांदीने पाणी झोडपत होत्या. सून दुसऱ्या टोकाला घमेल्याने पाणी उचलून वरून ओतत होती. मला काय करावं कळेना. बिसेन सर गाडीकडे धावले आणि पेटी घेऊन आले. म्हणाले, मॅडम, त्या शांत कोपऱ्यातलं पाणी आत्ताच भरा, थोड्या वेळात सगळं ढवळून जाईल.

मी गुडघ्यावर बसून बाटली भरली. दोन रसायनं टाकली. पाण्यात प्राणवायू असेल तर त्या क्षणी बाटलीत तपकिरी ढग उतरतो. जितका जास्त, तितका गडद. मी बाटली उलटीसुलटी केली आणि थांबले. ढग उतरला, पण पांढरा. ताकासारखा पांढरा. पुन्हा हलवली. पांढराच राहिला. प्राणवायू जवळजवळ नव्हताच.

म्हणजे पट्टी आदल्या दिवशी खरंच सांगत होती. माझा लेप चांगला होता. माझा लेप चांगला आहे याचा आनंद होण्यासारखी ती जागा नव्हती. मी बाटली गवतात ठेवली, पदर खोचला आणि पाण्यात उतरले.

शेजारच्या शेताचे मालक, आडनाव पटले, गडबड ऐकून बांधावर आले होते. त्यांचं डिझेल इंजन आणि पाइप त्या बांधावरच होता, पण कालव्याचं पाणी धानाला घ्यायची त्यांची पाळी आज होती. बिसेन सर त्यांच्याशी पोवारीत बोलायला लागले. दोघं इतकं भरभर बोलत होते की मला एक शब्द कळत नव्हता. एवढंच दिसत होतं की पटले आधी नकाराची मान हलवत होते, मग त्यांनी पाण्यातल्या बायकांकडे पाहिलं, मग इंजनाचं हँडल उचललं. कालव्याचं पाणी पाइपाने बोडीवर आलं. पटलेंनी स्वतः कुठूनसा भोकं पडलेला पत्रा आणला आणि पाइपाच्या तोंडाखाली धरायला लावला, म्हणजे पाणी झाऱ्यासारखं फुटून, हवा घेऊन पडेल. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दोन-अडीच तास आम्ही पाणी झोडपत होतो. माझे हात उचलेनासे झाले. बायका मधूनमधून एकमेकींना हाका मारत. नऊच्या पुढे ढगांमागे थोडा उजेड आला आणि ती तोंडं एकेक करून खाली गेली. शेवंताबाईंनी हात थांबवला, पाण्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग सगळ्यांना बाहेर यायला सांगितलं. मेलेली पिल्लं वेचली. एक मोठं टोपलं भरलं. पण बोडी वाचली होती.

बांधावर बसून सगळ्यांनी काळा चहा घेतला. मी शेवंताबाईंच्या शेजारी बसले आणि त्यांना सांगितलं की चूक माझी होती. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं आणि रात्री खातं. आभाळ भरलेलं असलं की दिवसा कमी देतं, वारा नसला की वरून हवाही मिसळत नाही. आदल्या पहाटे पट्टी हेच सांगत होती. दुपारी आकडा वर आला तो मी पट्टी पुसली म्हणून नव्हे, शेवाळाला थोडा उजेड मिळाला म्हणून. हे सगळं मला माहीत होतं. पुस्तकात आहे. मी वहीत हिरवं पाणी लिहूनही ठेवलं होतं. मला फक्त माझा लेप दिसत होता.

त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “काल गोगलगायी वर चढल्या होत्या. बांबूवर, गवताच्या काड्याइवर. पानी बिघडते तवा त्या अगोदर वर येते.”

मी विचारलं, “काल मी पट्टी बिघडली म्हटलं तेव्हा का नाही सांगितलंत?”

“तुमी म्हणलं मशीन बिघडली. म्या म्हणलं, एवढ्या शिकलेल्या बाई हायेत, बिघडली असन.” त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. “पन झोप नाइ लागली. म्हणून मंग पहाटे आली पाहाले. तुमचं मशीन बोलून राहिलं होतं मॅडम. तुमी त्याले चूप केलं.”

आवाजात राग नव्हता. या भागातली माणसं पुण्यासारखं वाक्याला मऊ कापड गुंडाळून देत नाहीत, हे मला चार दिवसांत कळलं होतं. तरी मला वर बघवेना. बिसेन सर काही म्हणायला गेले, मी त्यांना थांबवलं. संदेश बंद करायला मीच सांगितलं होतं.

मग शेवंताबाईंनीच विचारलं की त्या बाटलीत पाहून काय कळलं. मी गवतातून पांढरी बाटली आणून दाखवली. ही कशी करतात, मले येईन का, असं त्यांनी विचारलं. येईल, मी म्हटलं, आणि खरंच त्यात न येण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही दोघी तलावावर गेलो. तिथे पाणी त्यांनी स्वतः भरलं. बाटली पाण्याखाली तिरकी धरायची, बुडबुडा एकही राहू द्यायचा नाही, हे मी एकदाच सांगितलं. माझ्या विद्यार्थ्यांना हे सांगून मी थकते. रसायनांना हात लावण्याआधी मी त्यांना माझे हातमोजे दिले. बाटलीत ढग उतरला, काळ्या गुळाच्या रंगाचा. त्यांनी ती उजेडाकडे धरली आणि पहिल्यांदाच त्या दिवशी हसल्या. परत येऊन त्यांनी बोडीतलं ढवळलेलं पाणी भरलं. तिथला ढग आता पांढरा नव्हता, पण फिक्या चहासारखा होता.

दोन्ही बाटल्या त्यांनी बांधावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि बायकांना बोलावलं. आकडे मी तयार ठेवले होते. कुणी विचारले नाहीत. हे तलावाचं, हे आपलं, एवढंच शेवंताबाई म्हणाल्या आणि बायका वाकून बघत राहिल्या. मग चर्चा झाली, त्यात मी नव्हते. बोटुकली अजून महिनाभर बोडीत वाढायला हवी होती. इतकी लहान पिल्लं तलावात सोडली तर मरळ मासा त्यांच्यावर ताव मारणार. दुसरीकडे आभाळ अजून तसंच होतं, आणि पटलेंचं इंजन रोज मिळणार नव्हतं. सुनेने मला विचारलं की उद्या बोडीचं पाणी सुधारेल असं मशीन सांगतं का. मी म्हटलं, मशीन आत्ताचं सांगतं, उद्याचं सांगत नाही, आणि मलाही उद्याचं माहीत नाही. आदल्या दिवशी मी इतकं सरळ उत्तर दिलं नसतं.

शेवटी शेवंताबाईंनी ठरवलं. मरळ काही खाईल, काही राहतील. इथं राहिली तर सगळीच जातील. उद्या सकाळी तलावात सोडायची.

त्या संध्याकाळी बिसेन सरांनी संदेश परत सुरू केला. संदेशाची भाषाही बदलली. आधी ‘प्राणवायू कमी आहे’ असा हुकुमासारखा संदेश जायचा. आता त्यात ‘पाणी तपासा’ एवढंच लिहायचं असं आमचं ठरलं. चाचणीची पेटी शेवंताबाईंकडे ठेवायची ठरलं. त्यांनी ती देवाच्या उंच फळीवर, मुलांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवली.

तलाव

सातव्या दिवशी मला गोंदियाची गाडी पकडायची होती, पण ती संध्याकाळची होती. सकाळी बायकांनी बोडीत जाळं ओढलं. ओल्या जाळ्यात पिल्लं चांदीच्या किसासारखी दिसत होती. पाण्याने भरलेल्या अॅल्युमिनियमच्या हंड्यांत ती घालून, हंड्यांच्या तोंडावर ओलं फडकं टाकून, डोक्यावरून तलावाकडे न्यायची. बिसेन सरांनी त्यांची गाडी देऊ केली. शेवंताबाई नको म्हणाल्या, खड्ड्यांत हंडा हिंदकळतो, चालण्यात कमी हिंदकळतो. मी माझ्या डोक्यावर हंडा ठेवून पाहिला आणि चार पावलांत उतरवला. मग एका हंड्याची एक कडी मी धरली आणि एक सुनेने.

तलावाच्या कडेला शिंगाड्याची वेल जिथे दाट आहे तिथे जायचं ठरलं होतं. वेलीखाली पिल्लांना लपायला जागा मिळते. आम्ही पाण्यात उतरलो. मला वाटलं आता हंडा पालथा करायचा. मी तसा कलवायला लागले तर शेवंताबाईंनी माझा हात धरला. हंडा अर्धा बुडवून तसाच धरायचा, म्हणाल्या. हंड्यातलं पाणी आणि तलावाचं पाणी एकसारखं झालं पाहिजे. मग त्यांनी ओंजळीने तलावाचं थोडं पाणी हंड्यात घातलं, थांबल्या, पुन्हा घातलं.

मी विचारलं, किती वेळ धरायचा? माझ्या हातावर घड्याळ होतं, आणि मला खरंच मिनिटं हवी होती.

“त्याइले पाहून घेऊ द्या,” त्या म्हणाल्या.

आम्ही धरून राहिलो. आभाळ अजून भरलेलं होतं, टेकड्या पाण्यात उलट्या दिसत होत्या. हंड्याच्या तोंडाशी पाण्याच्या दोन रंगांची रेघ दिसत होती, आत हिरवं आणि बाहेर काळसर. ती रेघ हळूहळू पुसट झाली. पिल्लं आतच घोळक्याने फिरत होती. मग एक रोहू, माझ्या करंगळीपेक्षा लहान, त्या रेघेपाशी आलं, मागे फिरलं, परत आलं. बाहेर गेलं. माझ्या पोटऱ्यांना काहीतरी लागलं आणि सरकलं. मग दुसरं गेलं, मग चार-पाच एकदम, आणि मग हंड्याचं वजन माझ्या हाताला कमी कमी लागायला लागलं.